मूठ, पै आणि पैसा : वर्गणीचा इतिहास व आपले कर्तव्य

आपल्या देशात दानाचे दोन प्रवाह फार पूर्वीपासून चालत आलेले आहेत. पहिला प्रवाह धनिकांचा. राजाने अग्रहार द्यावे, सावकाराने घाट बांधावा, सरदाराने धर्मशाळा उभारावी आणि त्यांची नावे शिलालेखांत कोरली जावीत, असा तो प्रकार आहे. दुसरा प्रवाह सामान्य जनांचा. त्यात देणारे पुष्कळ आणि प्रत्येकाचे देणे अल्प. त्याचा शिलालेख कोणी कोरला नाही, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्यास फारशी जागा मिळाली नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील बहुजन समाज जो शिकला, सावरला आणि उभा राहिला, तो मुख्यतः या दुसऱ्या प्रवाहाच्या बळावर, असे आमचे नम्र मत आहे. आपल्या मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेत त्या प्रवाहाचा इतिहास थोडक्यात मांडावा आणि त्यापासून आज आपण कोणता बोध घ्यावा याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पैशाची वर्गणी ही तुलनेने अलीकडची गोष्ट होय. त्यापूर्वी गावगाड्यात श्रमाची वर्गणी होती. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे पडली, त्याचा बैल मेला किंवा घरातील कर्ता माणूस आजारी पडला, तर गावातील इतर शेतकरी आपापले नांगर व बैल घेऊन त्याच्या शेतात उतरत आणि एका दिवसात ते नांगरून देत. त्या दिवशी ज्याचे शेत त्याने सर्वांस जेवू घालावे, एवढाच मोबदला. यास इर्जिक म्हणतात. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या शेतावर, अशी पाळीपाळीने मदत करण्यास सावड म्हणतात. लग्नातील आहेराची वही हाही याच जातीचा व्यवहार. कोणी किती दिले हे लिहून ठेवावे आणि त्याच्या घरच्या कार्यात ते फेडावे, असा त्यातील संकेत. हरिनाम सप्ताहाच्या काल्यासाठी घरटी धान्य गोळा करण्याची रीतही सर्वत्र आहे. मांजरीच्या शिवेजवळून जाणाऱ्या सोलापूर रस्त्याने दरवर्षी तुकोबारायांची पालखी हडपसरहून लोणी काळभोरकडे जाते. त्या दिवशी वारकऱ्यांस भाकरी-पिठले देण्यासाठी जे हात पुढे येतात, ते कोणाच्या आज्ञेने येत नाहीत. देण्याची ही सवय आपल्या अंगी पूर्वीपासून आहे. मात्र या जुन्या पद्धतीत एक मर्यादा होती. इर्जिक ज्याच्याकडे शेत आहे त्याच्यासाठी होती, आहेर ज्याच्याशी सोयरीक आहे त्याच्यासाठी होता. ज्याच्याकडे शेतही नाही आणि ज्याचे आपल्याशी नातेही नाही, त्याच्यासाठी गावाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर जुन्या गावगाड्यापाशी नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न पुण्यात झाला आणि त्याच्याशी आपल्या मांजरी गावाचा निकटचा संबंध आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. महात्मा जोतीराव फुले हे केवळ समाजसुधारक व ग्रंथकार नव्हते. ते कंत्राटदार होते आणि शेतकरीही होते. खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि मुठेचा उजवा कालवा हडपसर, मांजरीकडे आला, त्या काळात जोतीरावांनी मांजरीस जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. कालव्याचे पाणी कसे मिळते, पाटबंधारे खात्याचे अधिकारी शेतकऱ्यांशी कसे वागतात, पाण्याचा आकार कसा बसतो, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या त्यांच्या ग्रंथात शेतीच्या दैन्याचे जे वर्णन आहे, त्यास या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार आहे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ते त्याचे पहिले अध्यक्ष आणि खजिनदारही होते. या समाजाचे दार सर्व जातींच्या लोकांस मोकळे होते. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह अत्यल्प खर्चात झाला. लग्नाचा खर्च कमी करणे व मुलांच्या शिक्षणास मदत करणे या दोन गोष्टी त्या मंडळींनी एकाच वेळी हाती घेतल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कारण वर्गणीचा पैसा आकाशातून पडत नाही. तो कोणत्या तरी खर्चातून वाचवावा लागतो, आणि आपल्या लोकांचा सर्वांत मोठा अनाठायी खर्च लग्नातच होतो. ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी जितकी खरी होती तितकी आजही आहे, हे आपण सर्वजण जाणतोच. समाजास मुंबईतील तेलुगू समाजातील गृहस्थांचेही मोठे साहाय्य झाले. त्यांपैकी रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांचे नाव विशेष स्मरणीय आहे. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र अडचणीत आल्यावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली ते मुंबईत चालविण्यास घेतले, तेव्हाही अय्यावारूंनी हात दिला. भाषा निराळी, प्रांत निराळा, परंतु कार्य एक म्हणून ही मंडळी एकत्र आली.

या समाजाची खरी कसोटी १८७६-७७ च्या दुष्काळात लागली. पाऊस गेला, पिके बुडाली, दख्खनमधील जिल्हेच्या जिल्हे ओस पडू लागले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर भागात ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या भागातील उपासमारीचे आणि सत्यशोधकांच्या धडपडीचे वर्णन आहे. इकडे पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडण्यात आला आणि मे १८७७ मध्ये जोतीरावांनी लोकांस साहाय्यासाठी आवाहन केले. आईबाप खडी फोडण्याच्या कामावर किंवा देशोधडीस लागलेले आणि मुले उपाशी, अशा प्रसंगी ते मूल कोणाचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्या आश्रमाच्या दारात विचारला गेला नाही. या समाजाने आपल्या कार्याचे अहवाल छापून लोकांपुढे ठेवले आणि ते फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आजही वाचावयास मिळतात. ज्याने वर्गणी घ्यावी त्याने हिशेब द्यावा, हा धडा आपल्या लोकांस त्यातून मिळतो.

याच परिसरातील दुसरी घटना आपल्या मुलांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते. जोतीराव १८९० च्या २८ नोव्हेंबरला निवर्तले होते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास प्लेग झाल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्यास स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या. पुढे त्यांनाच प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुंढवा, हडपसर व मांजरी या गावांच्या शिवा एकमेकींस लागून आहेत. ज्या मुलासाठी त्यांनी प्राण वेचले तो त्यांच्या जातीचा नव्हता, नात्याचाही नव्हता. आपण ज्यांच्या तसबिरीस दरवर्षी हार घालतो, त्यांचा वारसा नेमका कोणता, हे या एका घटनेवरून स्पष्ट होते.

याच काळात महाराष्ट्रात इतरत्रही लहान वर्गणीचे प्रयोग चालले होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ च्या सुमारास आपल्या मुरूड गावासाठी मुरूड फंड काढला. गावाबाहेर नोकरीस गेलेल्यांनी आपल्या मिळकतीच्या दर रुपयामागे एक पै गावाच्या सार्वजनिक कामास द्यावी, अशी त्याची योजना होती. त्या काळी रुपयाच्या एकशे ब्याण्णव पया होत. म्हणजे शंभर रुपये मिळविणाऱ्याने आठ आण्यांहून किंचित अधिक द्यावे, इतकाच तो भार. परंतु त्यात तत्त्व मोठे होते. गरिबाने व श्रीमंताने सारखी रक्कम न देता आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात द्यावे, म्हणजे कोणासही संकोच वाटत नाही व कोणाचा उपकारही होत नाही. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येक माणसाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभारावा, अशी ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. एका पैशाने काय होते, असे विचारणाऱ्यांस तळेगावच्या भट्टीने उत्तर दिले.

आता आम्ही या इतिहासाच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. वर्गणी आपल्या जातीपुरती असावी की सर्वांसाठी? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जाती अशा प्रत्येकाची वसतिगृहे निघाली. महाराजांनी त्यांस जागा व देणग्या दिल्या आणि त्या त्या समाजाने आपल्या मुलांसाठी पुढे यावे, हे घडवून आणले. यास संकुचित म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या जातीत शिकलेला माणूसच नव्हता, त्या जातीतील बापास आपला मुलगा परक्यांच्या पंगतीत पाठविण्याचे धैर्य होत नव्हते. आपल्या माणसांचे वसतिगृह म्हटल्यावर तो धीर आला. जातीच्या संस्थेने गावातल्या मुलास शहराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडले. हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच कोल्हापुरातील जैन वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकले. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्यास वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस बसून जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. भाऊरावांनी आपल्या संस्थेस शाहू महाराजांचे नाव दिले, यावरून जातवार वसतिगृहे आणि सर्वांचे वसतिगृह ही एकाच वाटेवरील दोन मुक्कामाची ठिकाणे आहेत, असे त्यांनी मानले, हे दिसून येते.

हे वसतिगृह चालले कशावर? मुष्टिफंडावर. बायांनी जात्यावर दळण घालण्यापूर्वी मूठभर धान्य निराळ्या गाडग्यात टाकावे आणि ते गोळा करून वसतिगृहास पोचवावे, अशी ती साधी रीत. धान्य नसेल त्या दिवशी मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. मुष्टिफंडाचे सामर्थ्य दोन गोष्टींत होते. एक म्हणजे ज्या स्त्रीच्या हाती रोकड पैसा कधीच येत नव्हता, तिच्या हाती धान्य होते आणि म्हणून तीही दाती झाली. दुसरी म्हणजे रोज मूठ टाकताना तिला वसतिगृहातील पोरांची रोज आठवण होत असे. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणारा ती देऊन विसरतो. रोज मूठ टाकणारी आपले काम म्हणून संस्थेकडे पाहते. रयत संस्थेचा पुढे जो वटवृक्ष झाला आणि ज्याची एक फांदी हडपसरच्या साधना विद्यालयाच्या रूपाने आपल्याही दारापर्यंत आली, त्याच्या मुळाशी ही मूठ आहे.

थेंबाथेंबाने भांडवल जमविण्याची हीच सवय उद्योगातही फळास आली. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी नीरेच्या कालव्यावर अकलूजच्या बाजूस जाऊन ऊस पिकविला आणि मंदीच्या काळात गुळाचे भाव कोसळल्यावर आपापली पुंजी एकत्र करून दि सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. १९३२ साली तिची नोंदणी झाली आणि माळीनगर हे गाव त्यातून उभे राहिले. हा धर्मादाय नव्हता, धंदा होता, हे खरे. परंतु एकट्याने जे साधत नाही ते दहाजणांनी मिळून साधावे, हा विश्वास तेथेही होता. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि त्या कारखान्यात ऊस घालणारा कोणत्याही जातीचा शेतकरी सभासद होऊ लागला. आपल्या मांजरीत १९७५ साली सहकारी कारखान्यांनी मिळून डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली. तीच आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी ठरावीक वर्गणी द्यावी आणि त्यातून संशोधन व्हावे, ही तिची रचना आहे. दर रुपयास पै आणि दर टनास वर्गणी, यांत तत्त्वतः कोणते अंतर आहे? मुरूड फंडाची पै जणू आपल्या गावच्या शिवारात येऊन पोचली.

या सर्व प्रयोगांकडे एकत्र पाहिले असता टिकलेल्या वर्गणीची काही लक्षणे आम्हांस दिसतात. एक, देणे लहान पण नित्याचे असते. दोन, ते मिळकतीच्या प्रमाणात असते. तीन, त्याचा हिशेब सर्वांपुढे वाचला जातो. चार, घेणाऱ्याचा मान राखला जातो. याउलट जेथे फंड एकाच मोठ्या देणगीदाराच्या नावावर चालला, तेथे तो देणगीदार गेला वा रुसला की फंड बसला. आणि जेथे मदत देताना मुलास व्यासपीठावर उभे करून त्याच्या गरिबीचे वर्णन केले गेले, तेथे स्वाभिमानी मुले पुढच्या वर्षी मागावयासच आली नाहीत. शिक्षकी पेशात असताना अशी मुले आम्ही पाहिली आहेत. फाटक्या सदऱ्याची त्यांना लाज नव्हती, टाळ्यांची होती.

कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने संस्थांची नोंदणी व हिशेबतपासणी धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणली. १९६१ च्या आयकर कायद्यात, एखाद्या विशिष्ट धर्माच्या वा जातीच्याच हितासाठी त्यानंतर काढलेल्या धर्मादाय न्यासास करमाफी मिळू नये, अशी तरतूद करण्यात आली. मात्र अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठी काढलेले न्यास त्यातून वगळले. या तरतुदीत एक नीती आहे. जो मागे पडला आहे त्यास हात देणे हे सर्वांच्या हिताचे कार्य होय. परंतु केवळ आपला आहे म्हणून देणे हे घरचे देणे होय, त्यास समाजकार्याचा मान नाही.

आता मांजरीचा विचार करू. ३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुकचा पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. आपल्यापैकी काही कुटुंबांकडे जमिनीचा पैसा आला, तर काहींकडे जमीनही राहिली नाही आणि पैसाही राहिला नाही. गावात निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून पोट भरण्यास आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची मुले आपल्याच मुलांच्या शेजारी शाळेत बसतात. अशा वेळी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, आपल्या वर्गणीचा पैसा आपल्याच मुलांस मिळावा, कारण आपल्यातही गरीब पुष्कळ आहेत. दुसरे मत असे की, जात पाहून शिष्यवृत्ती देणे हे आपल्या पूर्वजांच्या शिकवणीस सोडून आहे.

आम्हांस दोन्ही मतांत तथ्य दिसते. पहिल्या मताची कळकळ खोटी नाही. ज्याच्या घरची अडचण आपणास ठाऊक आहे त्यास प्रथम मदत करावी, हे स्वाभाविक होय. आणि समाजाची संस्थाच नसेल तर वर्गणी गोळा तरी कोण करील? पण मुंढव्याच्या त्या मुलास उचलून आणणारी माउली आपली म्हणावयाची आणि आपल्या फंडाच्या अर्जावर मात जात विचारावयाची, या दोन गोष्टींचा मेळ कसा बसावा? आपली जात आपण वर्गणी गोळा करण्यासाठी जरूर वापरावी. वर्गणी वाटताना मात्र गरज पाहावी. गोळा करताना जे कुंपण उपयोगी पडते, ते वाटताना मोडून टाकले पाहिजे. हाच कोल्हापूरपासून साताऱ्यापर्यंतच्या इतिहासाचा अर्थ आहे, असे आम्ही समजतो.

यासाठी आम्ही सभासद कुटुंबांपुढे एक लहानशी योजना विचारार्थ ठेवतो. जाते घरातून गेले, परंतु मूठ गेलेली नाही. प्रत्येक घराने रोज एक रुपया निराळा काढावा. वर्षाचे तीनशे पासष्ट होतात आणि शंभर घरांचे छत्तीस हजार पाचशे. ज्यांची मिळकत अधिक आहे त्यांनी मुरूड फंडाच्या प्रमाणे मिळकतीच्या मानाने द्यावे. हा निधी स्त्रियांच्या मंडळाकडे सोपवावा, कारण मुष्टिफंड त्यांनीच चालविला होता आणि घरोघरच्या भिशीचे हिशेब त्या आजही चोख ठेवतात. वर्षास एकदा जमाखर्च सर्वांपुढे वाचावा व स्मरणिकेत छापावा. त्यात देणाऱ्यांची नावे असावीत, घेणाऱ्यांची नसावीत. निधीचा काही भाग आपल्या समाजातील गरजू मुलांसाठी असावा, आणि काही भाग गावातील शाळेने सुचविलेल्या कोणत्याही मुलामुलींसाठी असावा. हा दुसरा भाग आरंभी लहान असला तरी चालेल, परंतु तो असलाच पाहिजे, आणि तो दरवर्षी वाढत गेला पाहिजे.

लग्नकार्यात मांडवावर, वाजंत्रीवर व जेवणावळीवर होणाऱ्या खर्चातून एखादा लहान अंश या निधीकडे वळविण्याचा संकल्प केला, तर वेगळी देणगी मागण्याची वेळच येणार नाही. १८७३ साली पुण्याच्या सत्यशोधकांनी तो मार्ग दाखविलेला आहे. ज्या कालव्याच्या पाण्यावर जोतीरावांनी येथे शेती केली, त्या कालव्याच्या काठी राहणाऱ्या आपण मंडळींनी तो आचरणात आणावा, ही समाजबंधूंस व भगिनींस आमची हात जोडून विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत या योजनेवर विचार व्हावा आणि तिच्यातील उणिवा अनुभवी सभासदांनी दुरुस्त कराव्यात, म्हणजे हे लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही मानू.